तिरकं माप

३ मार्च, सोमवार

खूप वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी मी दोन बादल्या कपडे भिजवले होते. दूध उतू गेलं म्हणून शेगडी घासली. शिलाई मशीनला तेल दिलं, सुया मोजून डबीत ठेवल्या. कपडे पिळून दोरीवर टाकत होते तेव्हा गाडी अंगणात आली, आणि तिचा आवाज रोजचा नव्हता. पुढचा बंपर डाव्या बाजूने दुमडलेला. हे उतरून म्हणाले, "ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्याला लागली. लक्ष नव्हतं." लेक तेव्हा सतरा वर्षांची होती, ह्यांच्याबरोबर गेली होती. ती पलीकडच्या दाराने उतरली आणि सरळ न्हाणीघरात गेली. जिने कधी स्वतःचा रुमाल धुतला नव्हता, तिने त्या दिवशी आपले कपडे धुतले आणि माझेही पिळून दिले. घाबरली होती बिचारी. मी मात्र ह्यांना म्हटलं, "पंचवीस वर्षं गाडी चालवता आणि एवढी मोठी मोरी दिसली नाही?" हे म्हणाले, "माणूस आहे, चुकतो."

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. त्यानंतर आम्ही कुठलीही मोरी ओलांडली की मी म्हणायचे, "ही बघा हं, ही मोरी." हे हसायचे. आता हे जाऊन दोन वर्षं झाली, तरी मोरी आली की माझ्या तोंडात ते वाक्य येतं.

आज आठवलं कारण गाडी आरटीओत तपासायला नेली तेव्हा तपासणी अधिकाऱ्याने विचारलं, "गाडीला कधी अपघात?" मी म्हटलं, "एकदा, किरकोळ." त्याने गाडीखाली शिरून टॉर्च मारला आणि स्क्रूड्रायव्हर चासीत खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला. गंजाची खपली माझ्या पायाशी पडली.

चासी म्हणजे गाडीचा कणा. पोलादाचे दोन लांब चॅनेल आणि त्यांना जोडणारे पाच आडवे, शिडी जमिनीवर निजवावी तशी. इंजिन, केबिन, मागचा हौदा, सगळं तिच्यावर बसतं. कंपनीने हे मॉडेल बंद करून कितीतरी वर्षं झाली, तयार चासी मिळणार नाही. अधिकारी म्हणाला, "एकतीस तारखेपर्यंत नवी घालून आणा, बाई. नाहीतर नोंदणी रद्द. मग भंगारच."

संध्याकाळी लेकीचा फोन. "आई, जाऊ दे ना ती गाडी. दे भंगारात आणि इकडे ये राहायला."

"बघते," मी म्हटलं.

माझं 'बघते' म्हणजे 'नाही', हे तिला माहीत आहे. फोन ठेवला तिने.

५ मार्च

गाडी नसेल तर माझा धंदा नाही. मी ताडपत्रीची छतं शिवते, दुकानांची, अंगणांची. शिवणं घरी होतं, पण छत आणि त्याचे पाइप जागेवर नेऊन बसवावे लागतात. हे गाडी चालवायचे, मी शेजारी. हे गेल्यावर मीच चालवते. लेकीकडे गेले तर ती मला काही कमी करणार नाही. पण तिथे मी सकाळी उठून काय करणार? जावयांच्या घड्याळाकडे बघत बसणार.

काटकोन मिस्त्रींना बोलावलं. वेल्डिंगचं काम करतात, ह्यांचे लहानपणापासूनचे मित्र. नाव कोणी घेत नाही, सगळे काटकोनच म्हणतात, कारण हा माणूस चहाचा कपसुद्धा टेबलाच्या कडेला काटकोनात ठेवतो. गाडीखाली गेले, बराच वेळ गुणगुणले, बाहेर आले.

"वहिनी, ही चासी नाही. ही चाळणी आहे."

"नवी बनवाल?"

"नवी म्हणजे अख्खी? हाताने?" डोकं खाजवलं. "बनवली नाही कधी."

"मीही कधी बनवून घेतली नाही. मग जमलं की आपलं."

हसले. काम माझ्या शेडमध्येच करायचं ठरलं. ताडपत्री पसरायला माझी फरशी लांब आणि सपाट आहे, त्यांचं दुकान म्हणजे खोका.

८ मार्च

केबिन रिकामी केली. डॅशबोर्डच्या कप्प्यात बोल्ट आवळायचे दोन पाने, एक कंगवा, सुकलेलं पेन आणि आमचं ते पुस्तक. एका दीपगृहाच्या रखवालदाराची गोष्ट आहे. मी चौथीपर्यंत शिकले. पुढचं वाचन रद्दीवर केलं, मग वाचनालयात. हे फारसे वाचायचे नाहीत, पण ऐकायला आवडायचं. गाडी चालवायचे आणि मी शेजारी बसून मोठ्याने वाचायचे. गाडीत बसताच पहिला प्रश्न, "हं, रखवालदाराचं पुढे काय झालं?"

खुणेला ठेवलेली पंक्चरवाल्याची पावती एकशे बेचाळिसाव्या पानावर आहे. पुढे मी वाचलेलं नाही. एकटीने वाचायचं म्हणजे त्यांना वाटेत उतरवून पुढे गेल्यासारखं.

पुस्तक घरात आणलं. पावती होती तिथेच ठेवली.

१० मार्च, सोमवार

नव्या चासीवर जुनाच नंबर कोरायची परवानगी मिळाली. कागद मिस्त्रींना दाखवला. त्यांनी तो टेबलावर काटकोनात ठेवला.

आज मापावरून वाद झाला. मिस्त्रींचं म्हणणं, याच मॉडेलची दुसरी एखादी गाडी शोधू आणि तिचं माप घेऊ. जुन्या चासीचा भरवसा नाही.

मी म्हटलं, "ह्यांच्या गाडीला ह्यांच्याच गाडीचं माप. दुसऱ्याचं कशाला?"

"वहिनी, लोखंड आहे ते. लोखंडाला नातं नसतं."

"तुम्हाला नसेल."

ते उठून कामाला लागले. चेन-पुलीने केबिन आणि हौदा उचलून बाजूला ठेवले, इंजिन काढलं. जुनी चासी फरशीवर ठेवून तिच्याभोवती लोखंडी कोनांचा साचा वेल्ड केला, म्हणजे नवीन चॅनेल त्यात तसेच्या तसे बसतील. मी सगळ्या ताडपत्र्या बाहेर नेल्या आणि ठिणग्यांसाठी पाण्याच्या चार बादल्या भरून ठेवल्या. खूप दिवसांनी शेडमध्ये माणसाचा आवाज होता. बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

१३ मार्च

चॅनेल कापून आले. पाच मिलीचं पोलाद. हाताला थंड लागतं.

मिस्त्री आधी टाके मारतात, दर वीतभर अंतरावर एकेक ठिपका. मी म्हटलं, "कच्ची शिवण घालताय की."

"तुमच्यात पण असते?"

"असते म्हणजे? आधी कच्चे टाके, मग पक्की शिवण. आणि लांब शिवण एका टोकाकडून सरळ घालत गेलं की कापड ओढतं. मधून सुरू करायची, एकदा इकडे, एकदा तिकडे."

मिस्त्रींनी डोळ्यांवरची काळी काच वर केली. "लोखंडही ओढतं. तापलं की ओढतं. मीही मधूनच घेतो." मग म्हणाले, "तीस वर्षं तुमच्या घरी चहा पितोय, हे कधी बोललो नाही आपण."

"तुम्ही दोघं राजकारण बोलत होतात."

१५ मार्च, शनिवार

नव्या चासीला सगळे टाके पडले. दिसायला सुरेख, काळीभोर. मिस्त्री म्हणाले, उद्या पक्कं वेल्डिंग. मी म्हटलं, थांबा, हात फिरवू द्या. उगाच टेप काढली. कुठलंही छत पक्कं शिवायच्या आधी मी तिरकं माप घेते, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, मग उलट. दोन्ही सारखी आली तरच चौकोन खरा. पुष्कळ वर्षांनी एका पुस्तकात वाचलं की याला कर्ण म्हणतात. नाव माहीत नव्हतं तेव्हाही छतं सरळच बसत होती.

एक कर्ण दुसऱ्यापेक्षा साडेतीन सेंटिमीटरने कमी. पुन्हा घेतला. तेवढाच कमी.

मिस्त्री गुडघ्यावर बसले. मग जुन्या चासीचं माप घेतलं. तिथेही साडेतीन. अर्थात तिथेही. साचा तिच्याचवरून बनवलेला.

"ही मार खाल्लेली आहे," ते म्हणाले. "पुढून, डाव्या कोपऱ्यावर. डावा चॅनेल मागे सरकलाय. बघा, टोकाचा हातभर भाग आतही वळलाय."

म्हणून गाडी डावीकडे ओढायची. मी समजत होते टायर.

माझी मान खाली गेली. शिवणकाम शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिला धडा हाच देते, वापरलेल्या कपड्यावरून कधी माप घेऊ नये. कोपर फुगलेले असतात, एक खांदा उतरलेला असतो. माणसाचं अंग कपड्यात शिरलेलं असतं. नवा कपडा त्यावरून बेतला की कोरा कपडा जुन्याचं व्यंग घेऊन येतो. चाळीस वर्षं हे सांगत आले आणि स्वतः काय केलं? मिस्त्री नको म्हणत होते. मला ह्यांचं काहीही बदलायचं नव्हतं, अगदी वाकडं असलं तरी.

"चूक माझी," मी म्हटलं. "अकरा वर्षांपूर्वी ह्यांनी मोरीला घातली होती ना, तेव्हाचं असणार."

"तो कसला मोरीला घालतोय," मिस्त्री म्हणून गेले. मग चष्मा पुसायला लागले. "म्हणजे... घातली असेल. माणूस आहे."

त्यांचा चष्मा स्वच्छच होता.

१६ मार्च

लेकीला फोनवर सांगितलं, चासी वाकलेली निघाली, सगळे टाके तोडावे लागणार, दिवस वाया गेले.

"डावीकडून ना?" ती म्हणाली.

हुशार आहे पोरगी. मी बाजू सांगितली नव्हती. गाडी डावीकडे ओढायची ते लक्षात असेल तिच्या.

"पंधरा दिवस राहिलेत, आई. होणार आहे का?"

"व्हायला पाहिजे."

"नाही झालं तर?"

"तर मग तुझ्याकडे येते आणि तुझ्या सगळ्या पडद्यांना काठ घालते."

हसली नाही. म्हणाली, शनिवारी येते.

१८ मार्च

टाके तोडले. ग्राइंडरचा आवाज कानात बसलाय, शेजारीण भिंतीवरून ओरडून विचारत होती, "अहो, घर पाडताय का बांधताय?"

मिस्त्री म्हणत होते, आता तरी दुसरी गाडी शोधू. मी म्हटलं, नको, उजवी बाजू चांगली आहे ना? एक बाही फाटली म्हणून मी दुसऱ्याची बाही मोजायला जात नाही. कापडाची अर्ध्यावर घडी घालते, चांगल्या बाजूवरून दोन्ही कापते. मग आम्ही फरशीवर मधोमध खडूची दोरी ताणून रेघ मारली. उजव्या चॅनेलचं प्रत्येक भोक, प्रत्येक वळण मोजून रेघेच्या पलीकडे तितक्याच अंतरावर उतरवलं. टेपचं एक टोक माझ्याकडे, दुसरं मिस्त्रींकडे. मी आकडा सांगायचा, त्यांनी पुन्हा म्हणायचा.

"एकशे सात."

"एकशे सात."

दिवसभर एवढंच बोललो. छान गेला दिवस.

संध्याकाळी कर्ण घेतले. दोन्ही सारखे. मिस्त्रींनी टेप मला दिली आणि हात धुवायला गेले.

२२ मार्च, शनिवार

लेक आली. जावयांना रजा नव्हती, एकटीच आली, स्वतःची छोटी गाडी चालवत. शहरभर चालवते, पण ह्यांच्या गाडीला कितीतरी वर्षांत हात लावला नाही. लहानपणी हेच तिला शिकवायचे, मग सुटलं ते सुटलं.

मिस्त्री पक्कं वेल्डिंग करत होते. तिने "काका, बरे आहात ना?" विचारलं. मग मागच्या अंगणात गेली, जिथे जुनी चासी टाकली आहे. चहा घेऊन गेले तर ती डाव्या चॅनेलच्या वळलेल्या टोकापाशी उकिडवी बसलेली, त्यावर हात ठेवून.

"गंज लागेल हाताला," मी म्हटलं.

"लागू दे."

बाबांची आठवण आली असणार. मी तिथेच बसले. चहा गार झाला दोघींचा.

केबिन खालून घासताना एक गोष्ट सापडली. केबिन चासीवर रबरी बुशांवर, म्हणजे रबराच्या गाद्यांवर टेकते. डाव्या पुढच्या बुशाखाली ह्यांनी माझ्याच ताडपत्रीचा तुकडा घडी करून घातला होता, पाच घड्या, वर वायसरच्या दोन चकत्या. चासी वाकडी झाल्यावर केबिन कललेली दिसू नये म्हणून. मला कधी कललेली दिसलीच नाही. माझ्या कात्रणातला निळा तुकडा आहे, कुठल्या छताचा तेही आठवलं. लेकीला दाखवलं. तिने तो घेतला, नाकाला लावला आणि पर्समध्ये टाकला. मला हवा होता. पण मागितला नाही.

२६ मार्च

चासीला रंग लागला. स्प्रिंगचे पाटे, चाकं, इंजिन, केबिन, हौदा, सगळं बसलं. भोकाला भोक जुळलं. एकाच बोल्टला हातोडी दाखवावी लागली. मिस्त्री म्हणाले, "दाखवली नुसती, मारली नाही."

गाडी रस्त्यावर काढली, मिस्त्री शेजारी. दोनशे पावलं गेलो असू, गाडी उजवीकडे जायला लागली.  सगळं फुकट गेलं असं वाटलं.

"वहिनी," मिस्त्री म्हणाले, "स्टेअरिंग सोडा जरा."

"सोडू?"

"हलकं धरा. ती नाही ओढत. तुम्ही ओढताय."

खरंच. डाव्या ओढीला तोंड द्यायला माझे हात अजून उजवीकडे जोर लावत होते. बोटं सैल केली, तर गाडी सरळ चालली. कोणाची मनधरणी न करता, सरळ. वाईट एवढंच वाटलं की हे दुखऱ्या खांद्याने एवढी वर्षं तिला धरून राहिले. रोज रात्री मी त्याच खांद्याला तेल चोळायचे आणि बडबडायचे, मोरीला घाला अजून.

२८ मार्च, शुक्रवार

पास.

अधिकाऱ्याने वेल्डिंगवर टॉर्च फिरवला, स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला, टेप लावली. "कुठून करून आणली?" मी म्हटलं, "घरीच शिवली." त्याला वाटलं मी चेष्टा करते.

मिस्त्रींनी दोन कप चहा जास्त घेतला. दुसरा कप टेबलावर वाकडा ठेवला. मी पाहिलं, त्यांनीही पाहिलं, सरळ केला नाही.

२९ मार्च, शनिवार

लेक आली आहे. पास झाल्याचं कळवलं म्हणून आली असेल असं वाटलं. जेवण झाल्यावर भांडी विसळताना म्हणाली, "आई, उद्या बाजाराचं छत न्यायचंय ना?" रविवारी भाजीबाजार बंद असतो, छत बसवायला तोच दिवस. मी म्हटलं, हो.

मग तिने नळ बंद केला.

"मोरीला मी घातली होती."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"बाबांनी चालवायला दिली होती, रिकामा रस्ता बघून. मी कठड्यावर घातली. बाबा गाडी घरी आणताना म्हणाले, तू पलीकडून उतर, आईला मी सांगतो. मला वाटलं खरंच सांगतील. त्यांनी स्वतःवर घेतलं. आणि मग तू रोज म्हणायचीस, ही बघा मोरी. मी तिथेच बसलेली असायचे."

"मग बोलली का नाहीस?"

"आधी भीतीने. मग खूप दिवस झाले म्हणून. मग बाबाच गेले." तिने हात ओढणीला पुसले. "दुसऱ्याच दिवशी म्हणाले होते, आज पुन्हा तूच चालव. मी बसले नाही. आठवडाभर रोज विचारत होते. मग विचारायचे थांबले. ती गाडी अंगणात दिसली की मला तेच ऐकू येतं, आई. म्हणून म्हणत होते, भंगारात दे."

 पातेल्यातल्या दुधासारखं आधी हसू वर आलं, मग मागोमाग रडू. अकरा वर्षं मी त्या माणसाला मोरी ऐकवली आणि तो "माणूस आहे, चुकतो" म्हणत राहिला. कोणाबद्दल म्हणत होता ते आज कळलं.

"काकांना माहीत होतं?" मी विचारलं.

"बंपर त्यांनीच सरळ केला ना. बाबांनी शपथ घातली होती."

म्हणून तो चष्मा.

तिने पर्समधून निळा तुकडा काढून माझ्यासमोर ठेवला. मी तो पुन्हा तिच्या पर्समध्ये टाकला. पातेलं तिच्याकडे सरकवलं, तिने विसळलं, मी पुसलं.

३० मार्च, रविवार

सकाळी कपडे भिजवले नाहीत. छत आणि पाइप हौद्यात चढवले, दोरी बांधली, किल्ली लेकीच्या हातात दिली आणि पुस्तक घेऊन शेजारच्या सीटवर बसले. मोरी आली तेव्हा दोघीही काही बोललो नाही. ती ओलांडल्यावर मी पावती काढून एकशे बेचाळिसावं पान मोठ्याने वाचायला घेतलं.